अल्क्युओनचे चौदा दिवस

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी ठाण्यात कोलशेतजवळ राहतो आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी खाडीच्या बाजूला फिरायला जातो. तिथे विजेच्या तारेवर हमखास एक खंड्या बसलेला असतो. तपकिरी डोके, पांढरा गळा, निळी पाठ आणि लालभडक चोच. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याचे शास्त्रीय नाव ‘हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस’ असे दिले आहे. गेल्या महिन्यात नातीच्या इंग्रजीच्या धड्यात ‘हॅल्सियन डेज’ हा शब्दप्रयोग आला आणि त्याचा अर्थ ‘सुखाचे, निवांत दिवस’ असा दिला होता. शब्दकोश उघडला, तेव्हा हे मुळात एका पक्ष्याच्या नावावरून झालेले प्राचीन ग्रीक विशेषण आहे, एवढेच कळले. तारेवर एकट्याने बसणारा आणि उडताना कर्कश ओरडणारा हा पक्षी आणि सुखाचे दिवस यांचा मेळ मला काही लागत नाही. उलगडून सांगावे, ही विनंती.
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : पक्षी आणि सुख यांचा मेळ आपल्याला लागत नाही, याचे कारण असे, की तो मुळात नव्हताच. ग्रीकांनी मेळ घातला होता तो पक्षी आणि हवा यांचा. त्या हवेतून सुखाचा अर्थ पुढे शेकडो वर्षांनी निघाला.

आधी शब्द पाहू. प्राचीन ग्रीक भाषेत या पक्ष्याचे नाव ‘अल्क्युओन’. आपण जसे पोपटावरून ‘पोपटी’ करतो, तशी ग्रीकमध्ये या नावावरून दोन विशेषणे झाली. एक ‘अल्क्युओनेइओस’, म्हणजे अल्क्युओनसंबंधीचा, आणि दुसरे ‘अल्क्युओनिस’, जे स्त्रीलिंगी आहे. ग्रीकमध्ये दिवसाला ‘हेमेरा’ म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे हे दुसरे विशेषण त्याच्याशी सहज जोडले गेले. त्याचे अनेकवचन ‘अल्क्युओनिदेस हेमेराइ’, म्हणजे अल्क्युओनचे दिवस. हा प्रयोग इतका रुळला, की पुढे ‘दिवस’ हा शब्द गाळून नुसते ‘अल्क्युओनिदेस’ म्हटले तरी ऐकणाऱ्याला कळत असे. पक्ष्याच्या नावावरून झालेले विशेषण मूळ पक्ष्यापासून दूर निघून जाते, याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. ‘गरुड’पासून ‘गारुड’ आणि त्यापासून ‘गारुडी’ झाला, पण गारुड्याचा खेळ पाहताना गरुडाची आठवण कोणाला होते? त्याहून थोर उदाहरण ‘तैत्तिरीय’ या विशेषणाचे आहे. पाणिनीच्या सूत्रानुसार ते तित्तिरि या ऋषीच्या नावावरून होते. पुराणांतील कथा मात्र वैशंपायनांच्या शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांचे रूप घेऊन याज्ञवल्क्याने ओकून टाकलेला यजुर्वेद टिपला, असे सांगते. तैत्तिरीय उपनिषद म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे तित्तिर उभा राहत नाही. इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘हॅल्सियन’ म्हणताना खंड्या उभा राहत नाही, तो याच न्यायाने.

आता हे दिवस कोणते, ते पाहू. इसवी सनापूर्वी सहाव्या आणि पाचव्या शतकांत होऊन गेलेल्या सिमोनिदेस या कवीच्या काही ओळी ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथाच्या पाचव्या भागात उद्धृत केल्यामुळे वाचल्या आहेत. त्यांचा भाव असा, की हिवाळ्याच्या महिन्यात झ्यूस चौदा दिवस शांत करतो आणि पृथ्वीवरची माणसे त्या काळाला वाऱ्याचा विसर पडलेला पवित्र ऋतू म्हणतात, रंगीबेरंगी अल्क्युओनच्या पिल्लांच्या संगोपनाचा ऋतू म्हणतात. ॲरिस्टॉटल हिशेब नेमका करतो. अल्क्युओन हा पक्षी हिवाळ्यातील अयनाच्या सुमारास, म्हणजे आपल्या डिसेंबरच्या २१-२२ तारखेच्या आसपास वीण करतो. अयनाच्या आधीचे सात दिवस घरटे बांधण्याचे आणि नंतरचे सात दिवस अंडी घालून पिल्ले वाढवण्याचे, आणि या काळात हवा शांत राहिली तर त्या दिवसांना अल्क्युओनचे दिवस म्हणतात.

‘शांत राहिली तर’ हे शब्द ॲरिस्टॉटलचेच आहेत आणि ते मला फार मोलाचे वाटतात. पुढे तो स्पष्ट लिहितो, की आमच्या भागात अयनकाळी असे दिवस दर वेळी येतातच असे नाही, पण सिसिलीजवळच्या समुद्रात ते बहुधा येतात. लोकसमजूत नोंदवताना अनुभव वेगळा आहे हे तो लपवत नाही.

या चौदा दिवसांचे मोल कळण्यासाठी ग्रीक समुद्राचे वर्ष डोळ्यांपुढे आणले पाहिजे. आपल्याकडे चेंदणीच्या किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यात समुद्र बंद होतो तो पावसाळ्यात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही परंपरा. भूमध्य समुद्रात हे चक्र उलटे आहे. तिथला उन्हाळा कोरडा, तर वादळे आणि पाऊस हिवाळ्यात. हेसिओद हा प्राचीन कवी उन्हाळी अयनानंतरचे पन्नास दिवस जलप्रवासाला उत्तम म्हणतो. पुढे रोमन काळातील वेगेतिउस हा लेखक ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद असल्याचे लिहितो. म्हणजे अल्क्युओनचे दिवस पडतात ते या बंद काळाच्या अगदी पोटात. नावा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आहेत, आभाळ भरलेले आहे, आणि अचानक वारा पडतो, ऊन पडते, पाणी आरशासारखे होते, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा सारे पूर्ववत होते. ही कवींनी उभी केलेली कल्पना नाही. हिवाळ्यात त्या प्रदेशावर हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र येऊन थांबले की काही दिवस वारा मंदावतो आणि आकाश निरभ्र होते. आजही ग्रीसमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच्या, विशेषतः जानेवारीतील, अशा उबदार दिवसांना हेच नाव आहे आणि हवामानाच्या बातम्यांतही ते ऐकू येते.

मग यात पक्षी कुठून आला? याचेही बीज ॲरिस्टॉटलमध्येच सापडते. तो म्हणतो, की अल्क्युओन दिसणे सर्वांत दुर्मीळ आहे. कृत्तिका मावळतात त्या सुमारास आणि अयनकाळी तेवढा तो दिसतो, बंदरात नांगरलेल्या जहाजाभोवती एक घिरटी घालतो आणि नाहीसा होतो. त्याने केलेले वर्णन असे आहे : चिमणीहून फारसा मोठा नाही, रंगात निळा, हिरवा आणि थोडा जांभळा मिसळलेला, चोच लांब आणि बारीक. हा आपल्या तारेवरचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या नव्हे. हा लहान खंड्या, जो आपल्याकडेही तलावाकाठी पाण्याला लागून निळी रेघ ओढल्यासारखा उडत जातो. युरोपात हा पक्षी उन्हाळा आतल्या ओढ्यानद्यांवर काढतो आणि हिवाळ्यात त्यांतील बरेचसे किनाऱ्याकडे सरकतात. दर्यावर्दी माणसाला तो हिवाळ्यातच दिसायचा आणि त्याचे घरटे कधीच दिसायचे नाही. माझ्या मते समजूत इथे जन्माला आली असावी : जो फक्त हिवाळ्यात समुद्रावर दिसतो तो तेव्हाच तिथे वीण करत असणार, आणि घरटे जमिनीवर नाही त्या अर्थी ते पाण्यावर तरंगत असणार. मग नाजूक घरटे पाण्यावर टिकायचे, तर तेवढे दिवस समुद्र शांत हवाच. हवा शांत होण्याचे कारण हवे होते, ते असे पक्ष्यात सापडले.

प्रत्यक्षात खंड्यांची कोणतीही जात समुद्रावर घरटे करत नाही. लहान खंड्या काय किंवा आपला पांढऱ्या गळ्याचा काय, ओढ्याच्या उभ्या मातीच्या काठात आडवे बीळ कोरतात आणि त्याच्या आतल्या टोकाला गोल, पांढरी अंडी घालतात. ग्रीसमधील लहान खंड्या हे काम वसंतात आणि उन्हाळ्यात करतो, हिवाळ्यात नाही. घरट्याविषयी ॲरिस्टॉटलने दिलेली एक माहिती मात्र खरी ठरण्याच्या जवळ जाते : ते बहुधा सुईसारख्या माशाच्या काट्यांचे बनवलेले असावे, असे तो म्हणतो. खंड्या न पचलेले काटे ओकून टाकतो आणि बिळाच्या तळाशी त्यांचा थर साचतो, हे कोणीही पक्षिनिरीक्षक सांगेल.

या तरंगत्या घरट्याने आणखी एक शब्द मागे ठेवला. किनाऱ्याला लागणारे सच्छिद्र, हलके, समुद्री जीवांचे अवशेष हीच ती घरटी, असे मानून लोकांनी त्यांना त्याच विशेषणाच्या नपुंसकलिंगी रूपाने ‘अल्क्युओनेइओन’ म्हटले आणि ग्रीक वैद्य ते औषधात वापरू लागले. आपल्या आयुर्वेदातील समुद्रफेन आठवावे. तेही खरे पाहता माकुळाच्या शरीरातील कवच आहे, पण नाव मिळाले समुद्राच्या फेसाचे. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने पुढे मऊ पोवळ्यांच्या एका प्रजातीला ‘अल्सिओनियम’ नाव दिले ते याच शब्दावरून.

प्रश्न : ‘हॅल्सियन’मधील आरंभीचा ‘ह’ मूळ ग्रीक शब्दात नव्हता, असे एका ठिकाणी वाचले. मग तो आला कुठून? शिवाय कर्नाळ्याला पावसाळ्यात येणाऱ्या तिबोटी खंड्याच्या शास्त्रीय नावात ‘सीइक्स’ असा विचित्र शब्द आहे. त्याचाही याच गोष्टीशी संबंध आहे का?
— एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई

उत्तर : आपले दोन्ही अंदाज बरोबर आहेत.

ग्रीक लिपीत ‘ह’साठी अक्षर नसून शब्दाच्या आरंभीच्या स्वरावर एक बारीक चिन्ह देतात. ‘अल्क्युओन’वर ते चिन्ह नव्हते. परंतु ग्रीकमध्ये समुद्राला ‘हाल्स’ असाही एक शब्द आहे आणि ‘क्युओन’ या रूपाचा अर्थ ‘गर्भ धारण करणारा’ असा होऊ शकतो. समुद्रावर वीण करणारा पक्षी ही समजूत पक्की झाल्यावर लोकांना नावातच तिचा पुरावा दिसू लागला, ‘हाल्स’ अधिक ‘क्युओन’, आणि मग त्या फोडीसाठी आरंभी ‘ह’ लावला गेला. लॅटिनमधून तो इंग्रजीत उतरला. ही व्युत्पत्ती आज कोणी भाषाशास्त्रज्ञ खरी मानत नाही. शब्द आधी होता, त्याची फोड मागाहून झाली आणि फोडीने शब्दाचे रूप बदलले.

असे घडणे अगदी नैसर्गिक आहे आणि त्यात अज्ञानाची लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्या ‘विधवा’ शब्दाचे पाहावे. हा अतिप्राचीन, अखंड शब्द आहे आणि लॅटिन ‘विदुआ’ त्याचेच भावंड आहे. संस्कृत बोलणाऱ्यांनी मात्र तो ‘वि’ आणि ‘धवा’ असा तोडला, त्यातून नवरा या अर्थाचा ‘धव’ निघाला, आणि त्यावरून ‘सधवा’ हा शब्द घडून मराठीपर्यंत आला. फोड चुकीची, पण तिच्यातून जन्मलेला शब्द खरा.

लॅटिनची गोष्ट थोडी निराळी. रोमनांकडे याच पक्ष्यासाठी स्वतःचा ‘अल्केदो’ हा शब्द होता आणि व्हारो या पंडिताने तो ग्रीक नावाशेजारी ठेवून त्या शांत दिवसांचाही उल्लेख केला आहे. लहान खंड्याचे शास्त्रीय नाव ‘अल्सिडो ॲथिस’ यातील पहिला भाग तोच.

आता सीइक्स. ग्रीक पुराणकथेत अल्क्युओनी ही वाऱ्यांना कोंडून ठेवणाऱ्या एओलसची मुलगी आणि त्राखिसचा राजा केइक्स हा तिचा नवरा. हेच केइक्स नाव इंग्रजी उच्चारात सीइक्स होते. ही कथा सर्वांत विस्ताराने सांगितली आहे ती ओव्हिद या रोमन कवीने, आपल्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्याच्या अकराव्या सर्गात. केइक्स दैवी कौल घेण्यासाठी समुद्रमार्गे निघतो. वाऱ्यांच्या घरात वाढलेली बायको त्याला परोपरीने अडवते, कारण वारे काय करू शकतात हे तिने लहानपणी पाहिलेले असते. तो थांबत नाही. वादळात जहाज फुटते आणि तो बुडतो. इकडे ती रोज जूनो देवीच्या मंदिरात त्याच्या सुखरूप परतीसाठी प्रार्थना करत असते. मेलेल्यासाठी चाललेली ही प्रार्थना देवीलाही सोसवत नाही. ती निद्रेच्या देवाकडे निरोप धाडते आणि त्याचा मुलगा मॉर्फिअस केइक्सचे, निथळत्या केसांचे रूप घेऊन अल्क्युओनीच्या स्वप्नात उभा राहतो. सकाळी ती किनाऱ्यावर जाते, तर लाटांवर त्याचे प्रेत तिच्याकडेच येत असते. ती पाण्यावर झेप घेते आणि झेपेतच पक्षी होते. पुढे देवांना दया येऊन तोही पक्षी होतो. दर हिवाळ्यात सात दिवस ती तरंगत्या घरट्यात अंडी उबवते आणि तेवढे दिवस तिचा बाप एओलस नातवंडांसाठी वाऱ्यांना बाहेर पडू देत नाही.

सिमोनिदेसचे चौदा दिवस ओव्हिदकडे सात झाले, ते असो. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की शोकाचा धागा ओव्हिदने नव्याने आणलेला नाही, तो फार जुना आहे. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात, जिथे वृद्ध फीनिक्स रागावलेल्या अकिलीसची समजूत घालत असतो, तिथे एका मुलीला आईबापांनी लाडाने अल्क्युओनी हे नाव का ठेवले ते सांगितले आहे : अपोलोने तिच्या आईला पळवून नेले, तेव्हा ती आई शोकमग्न अल्क्युओनसारखी रडली होती, म्हणून. म्हणजे ग्रीक साहित्यात हा पक्षी प्रथम भेटतो तो रडणारा. शांतीचा पक्षी तो मागाहून झाला, आणि तेव्हाही रडणे संपले असे कोणी म्हटले नाही.

याच नावाची आणखी एक अल्क्युओनी आहे, तिची गल्लत होऊ देऊ नये. ती ॲटलासची मुलगी, आणि कृत्तिकांच्या पुंजक्यातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याला तिचे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आगेमागे पक्ष्यांच्या प्रजातींना नावे देणारे युरोपीय शास्त्रज्ञ लॅटिन-ग्रीक शिकून तयार झालेले होते आणि खंड्यांची नावे त्यांनी या एकाच कथेच्या परिसरातून घेतली. लासेपेदने १७९९ मध्ये ‘सीइक्स’, स्वेन्सनने १८२१ मध्ये ‘हॅल्सिऑन’ आणि बोइएने १८२८ मध्ये ‘सेराइल’ ही प्रजातीनामे दिली. शेवटचे नाव ‘केऱ्युलोस’ या ग्रीक पक्षिनामावरून आले. प्राचीन लोक केऱ्युलोस म्हणजे नर अल्क्युओन असे समजत. तो म्हातारा होऊन उडेनासा झाला की माद्या त्याला पंखांवर घेऊन उडतात, अशी त्यांची समजूत होती. अल्कमान हा स्पार्टातील कवी, हातपाय थकल्यावर, आपण केऱ्युलोस असतो तर अल्क्युओनांसोबत लाटेच्या फुलावरून उडालो असतो, असे म्हणतो. मला त्या भाषेतील ज्या ओळी सर्वांत प्रिय आहेत त्यांत ही येते. आपण ज्याला कवड्या खंड्या म्हणतो, तो काळापांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत थांबून सूर मारणारा पक्षी, त्याचे नाव ‘सेराइल रुडिस’. पांढऱ्या गळ्याच्या खंड्याच्या नावातील ‘स्मिर्नेन्सिस’ हे लिनियसने १७५८ मध्ये दिले आणि ते स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर, या शहरावरून आले.

तेव्हा ठाण्याच्या तलावांपासून कर्नाळ्याच्या ओढ्यापर्यंत वर्षभर फिरणाऱ्याला अल्क्युओन, केइक्स, केऱ्युलोस आणि रोमनांचा अल्केदो असे चौघेही भेटू शकतात. तिबोटी खंड्या आपल्याकडे येतो तो मात्र पाऊस घेऊन. ज्याचे नाव वादळात बुडालेल्या राजाचे, तो कर्नाळ्यात ऐन पावसाळ्यात मातीच्या काठात बीळ करून पिल्ले वाढवतो.

आपण नवी मुंबईत राहता म्हणून याच विषयातील उलट दिशेचे एक उदाहरण देतो. अल्क्युओनच्या बाबतीत पक्ष्यावरून विशेषण झाले. फ्लेमिंगोच्या बाबतीत विशेषणाचाच पक्षी झाला. ‘फोइनिकोप्तेरोस’ म्हणजे किरमिजी पंखांचा. ॲरिस्टोफेनिस या ग्रीक नाटककाराच्या ‘पक्षी’ या नाटकात हा शब्द पक्ष्याचे नाव म्हणून येतो आणि प्रजातीनामात तो आजही आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो मुख्यतः या पक्ष्यांमुळे. मराठीत त्याला ‘अग्निपंख’ म्हणतात, आणि तो शब्द ग्रीक शब्दाच्या शेजारी ठेवला तर दोन्हीकडच्या माणसांनी एकाच पंखाकडे पाहिले होते, हे लगेच कळते.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. ‘हॅल्सियन डेज’साठी मी आजवर ‘सुवर्णकाळ’ किंवा ‘सोनेरी दिवस’ लिहीत आले. आपल्या मते हे योग्य आहे का? यासाठी अस्सल मराठी शब्द सुचवावा.
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : ‘सुवर्णकाळ’ मला योग्य वाटत नाही. त्या शब्दात वैभव आहे आणि लांबी आहे. अल्क्युओनच्या दिवसांत यांपैकी काहीच नाही. ते मोजके आहेत, दोन्ही बाजूंनी वादळाने वेढलेले आहेत, आणि ते संपणार हे त्यांत असणाऱ्याला ठाऊक आहे.

आजच्या इंग्रजीत हा प्रयोग बहुधा गेलेल्या बालपणाची किंवा तारुण्याची हुरहुर दाखवण्यासाठी येतो, हे खरे. जिथे तसा आला असेल तिथे ‘निवांत दिवस’ किंवा ‘सुखाचे दिवस’ पुरेसे आहेत, शब्दाच्या मुळाशी जाण्याची गरज नाही. परंतु जुन्या मजकुरात तो तसा नसतो. प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या ‘कासिना’ नाटकाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे, की उत्सव चालू आहे, सावकारांनाही सुटी आहे, बाजारचौकाभोवती शांतता आहे, अल्क्युओनचे दिवस आहेत. कर्जदाराला उत्सवापुरता तगाद्यातून मोकळा श्वास मिळतो, कर्ज मात्र फिटलेले नसते. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात जोन ऑफ आर्क फ्रान्सच्या राजपुत्राला आशा देते तेव्हा ती ‘सेंट मार्टिनचा उन्हाळा’ आणि ‘हॅल्सियन डेज’ हे दोन्ही एका दमात म्हणते. सेंट मार्टिनचा उन्हाळा म्हणजे नोव्हेंबरच्या थंडीत मध्येच येणारे उबदार दिवस. युद्ध चालू आहे, मध्ये थोडी ऊब आहे. नाटककाराने दोन्ही शब्द शेजारी ठेवून अर्थ स्वतःच स्पष्ट केला आहे.

हाच अर्थ सांगणारा शब्द आपल्याकडे आहे आणि तो पावसाळ्याने दिला आहे : उघडीप. आठ-दहा दिवस झड लागलेली असते, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि मग एका सकाळी पाऊस उघडीप देतो. कोणीही त्या उन्हाला उन्हाळा म्हणत नाही. दोन दिवस मिळाले, तेवढ्यात वाळवायचे ते वाळवून घ्यावे, शेतातले अडलेले काम उरकून घ्यावे, असेच सगळे म्हणतात. अल्क्युओनच्या दिवसांत ग्रीक माणसाची हीच मनःस्थिती असणार.

एक अडचण आहे, ती मी आपल्यापासून लपवत नाही. उघडीप पावसाची असते. ग्रीकांच्या त्या दिवसांत मुख्य गोष्ट वारा थांबणे ही आहे, आणि सिमोनिदेसचा शब्दही वाऱ्याचाच आहे. त्यामुळे जिथे समुद्र आणि नावा असतील, तिथे ‘वारा पडलेले दिवस’ हा शब्दप्रयोग अधिक जवळचा ठरेल, आणि जिथे माणसांच्या व्यवहारातील, युद्धातील किंवा संसारातील मध्यंतर असेल तिथे ‘उघडीप’ लिहावे. मूळ ग्रीक कृतीचे भाषांतर असेल तर ‘अल्क्युओनचे दिवस’ हाच शब्द ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात अर्थ उलगडावा, म्हणजे पक्षी हरवणार नाही. ‘हॅल्सियन दिवस’ असे अर्धे इंग्रजी मात्र टाळावे, कारण त्यात ना पक्षी राहतो ना हवा.

या दृष्टीने एक वाक्य करून पाहतो. ॲरिस्टोफेनिसचे ‘पक्षी’ हे नाटक इसवी सनापूर्वी ४१४ मध्ये अथेन्समध्ये झाले. त्यात पक्ष्यांनी आकाशात नगर उभारून देवांकडे जाणारा यज्ञांचा धूर अडवलेला असतो आणि उपाशी देवांचे शिष्टमंडळ तह करायला येते. पोसेदॉन हा समुद्राचा देव पक्ष्यांना सांगतो, की तुम्ही आमच्याशी मैत्री ठेवलीत तर तुमचा काय लाभ होईल. मूळ ओळीत ‘अल्क्युओनिदास’ हे विशेषण, ‘हेमेरास’ म्हणजे दिवस, आणि शेवटी ‘आएइ’, म्हणजे सदैव, असे शब्द आहेत. ज्या गोष्टीचा अर्थच चौदा दिवसांपुरती अशी आहे, ती देव सदैव देऊ करतो, आणि त्या आमिषाची सारी चव ‘सदैव’ या एका शब्दात आहे. ‘सुवर्णकाळ’ लिहिला तर ती जाते. मी असे लिहीन :

‘तुम्ही आम्हा देवांचे मित्र झालात, तर तुमच्या डबक्यांत पावसाचे पाणी असेल आणि तुम्हाला बाराही महिने वारा पडलेले, अल्क्युओनचे दिवस मिळतील.’